पावसाचा अंदाज आणि जमिनीची ओल

चैत्र सरला, वैशाखाचे ऊन तापू लागले, की गावोगाव एकच बोलणे सुरू होते. यंदा पाऊस कसा? पारावर तेच. चहाच्या हॉटेलात तेच. बाजाराला जाणाऱ्या गाडीतही तेच. एक जण म्हणतो, "पेपरात आलंय, यंदा शंभर टक्के पाऊस." दुसरा म्हणतो, "मागंही असंच छापलं होतं. मग आमचं सोयाबीन का वाळलं?" तिसरा पंचांग उघडतो आणि मृगाचे वाहन काय आहे ते बघतो.

मंडळी, प्रश्न साधा नाही. या एका प्रश्नावर घरातले बियाणे, खत, उसनवारीचा पैसा आणि वर्षाची भाकरी अवलंबून असते. म्हणून हवामानाचा अंदाज म्हणजे काय, तो कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावे, हे आपण नीट समजून घेऊ. आता तुम्हाला वाचता येते. बातमी ऐकून डोलण्याचे दिवस गेले. बातमी वाचून तिचा अर्थ लावण्याचे दिवस आले.

अंदाज कोण सांगते?

आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली. पाऊस कमी पडणार हे आधी कळले तर धान्याची, वैरणीची काही तरी तजवीज करता येईल, असे सरकारला वाटू लागले. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाकडे लक्ष दिले. उन्हाळ्याआधी तिथे बर्फ जास्त पडले तर पुढे पाऊस कमी होतो, असे त्यांना दिसले. त्यावरून १८८६ सालापासून अंदाज देण्यास सुरुवात झाली.

पुढे १९०४ साली वॉकर नावाचे गणिती या खात्याचे प्रमुख झाले. आपला पाऊस दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेशी बांधलेला आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. खात्याची मुख्य कचेरी तेव्हा शिमल्याला होती. १९२८ साली ती पुण्यास आली. पुण्यात त्या इमारतीला लोक आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात.

आता आकाशात उपग्रह आहेत. समुद्रात तरंगती यंत्रे आहेत. ढग पाहणारी रडारे आहेत. या सर्वांची माहिती मोठ्या संगणकात घालून अंदाज काढतात. पावसाळ्याचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो. दुसरा मे महिन्याच्या अखेरीस येतो.

शंभर टक्के म्हणजे काय?

खरा घोटाळा इथेच होतो. शंभर टक्के म्हणजे शेत भरून, विहीर भरून, ओढा वाहून पाऊस, असे आपण समजतो. खात्याचा अर्थ वेगळा आहे.

१९७१ ते २०२० या ५० वर्षांत जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर किती पाऊस पडला, त्याची सरासरी खात्याने काढली. ती आली ८७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३४ इंच. या सरासरीला १०० टक्के म्हणायचे. ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर तो सर्वसाधारण. ९० टक्क्यांच्या खाली गेला तर तूट. ११० टक्क्यांच्या वर गेला तर अतिरिक्त.

आता यातल्या दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट, हा आकडा साऱ्या देशाचा आहे. तुमच्या गावाचा नाही. देश कशाला, एक जिल्हा घ्या. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुका आहे. तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्री ढग अडवतो. पलीकडच्या अंगाला पावसाची सावली पडते. एका जिल्ह्यात दहापट फरक, तर देशाच्या आकड्यात आपले शिवार शोधून कसे सापडेल?

दुसरी गोष्ट, हा आकडा चारही महिन्यांचा मिळून आहे. एका माणसाला महिन्याला ९० भाकरी लागतात. पहिल्या दोन दिवसांत त्याच्यापुढे ९० भाकरी ठेवल्या आणि पुढे अठ्ठावीस दिवस उपाशी ठेवले, तर हिशेब बरोबर आहे, पण माणूस जगेल का? पिकाचेही तसेच आहे. पाऊस किती पडला याहून तो केव्हा केव्हा पडला, यावर पीक येते.

२०२३ सालचे उदाहरण बघा. एप्रिलमध्ये खात्याने ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. त्यात ५ टक्के इकडेतिकडे होईल, असेही सांगितले होते. प्रत्यक्षात देशात ९४ टक्के पाऊस पडला. म्हणजे अंदाज फार चुकला नाही. पण आपल्याकडे काय झाले? मुंबईला पाऊस ११ जूनच्या सुमारास यायचा, तो २५ जूनला आला. पुढे ऑगस्ट महिना कोरडा गेला. १९०१ सालापासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. फुलावर आलेली पिके करपली. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. देशाला ९४ टक्के पाऊस आणि आपल्या ४० तालुक्यांत दुष्काळ. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या होत्या.

समुद्र तापला तर पाऊस का बिघडतो?

'मान्सून' हा शब्द अरबी भाषेतल्या 'मौसिम' या शब्दावरून आला. आपण 'मोसम' म्हणतो तो हाच. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा गरम होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावून येते. ती डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि पाऊस पडतो. केरळात हा पाऊस साधारण १ जूनला पोचतो आणि मग वर सरकत आपल्याकडे येतो.

कधी कधी फार दूर, पॅसिफिक महासागराच्या मधल्या आणि पूर्वेच्या भागातले पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते. याला 'एल निनो' म्हणतात. पेरू देशाच्या कोळ्यांनी हे नाव दिले. पाणी तापले की तिकडे ढग चढतात आणि वाऱ्याचे नेहमीचे चक्र बदलते. मग आपल्याकडचे वारे दुबळे होतात. २००९, २०१५ आणि २०२३ या वर्षी एल निनो होता आणि पाऊस कमी पडला. परंतु १९९७ साली एल निनो मोठा जोरात असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. तेव्हा 'एल निनो आला' असे वाचले तर घाबरून जाऊ नये आणि गाफीलही राहू नये. जपून चालण्याची ती सूचना आहे.

उन्हाचाही अंदाज असतो

पावसाच्या बातमीकडे सर्वांचे कान असतात. उन्हाच्या बातमीकडे कोणी बघत नाही. खाते दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी उन्हाचाही अंदाज देते. मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेला आणि तो नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असला, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात.

उन्हाने पहिला मार बसतो तो गव्हाला. दाणा भरताना गव्हाला गारवा लागतो. त्या वेळी ऊन वाढले तर पीक लवकर पिकते आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. २०२२ सालचा मार्च महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत गरम मार्च ठरला. पंजाब, हरियाणात गव्हाचा उतारा घटला. त्या वर्षी मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. आपण यातून एक शिकावे. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. उशिरा पेरलेला गहू दाणा भरताना नेमका उन्हात सापडतो.

फळबागेचेही तसेच. ऊन वाढले की संत्र्या-मोसंबीची लहान फळे गळतात. जळगावकडचे शेतकरी केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात. ती गरम वारा अडवते. झाडाच्या बुंध्याशी पाचट, गवत, पालापाचोळा पसरावा. त्याने जमिनीची ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. जनावरे भर उन्हात बांधू नयेत. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवावे. आणि आपल्या घरच्या माणसांना विसरू नये. लाटेच्या दिवसांत बारा ते तीन शेतात राबणे टाळावे. काम पहाटे उरकावे.

एक बांध, दोन भाऊ

आता मूळ गोष्टीकडे येऊ. समजा, एका शिवारात दोघे भाऊ आहेत. दोघांची पाच-पाच एकर जमीन. मध्ये एक बांध. मे महिन्यात बातमी आली, यंदा पाऊस चांगला. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाची एक मोठी सर आली. मातीचा वास सुटला. धाकट्याने पाभर काढली.

थोरला म्हणाला, "अरे, दोन दिवस दम धर. उकरून बघ, वर ओली दिसते, खाली कोरडी ठाक आहे."

धाकटा म्हणाला, "दादा, टीव्हीवर सांगितलंय, यंदा पाऊस जोरात आहे. उद्या मृग निघतोय. आता नाही पेरायचं तर केव्हा?"

धाकट्याने पेरले. सोयाबीनचे बी एकरी सुमारे ३० किलो लागते. पाच एकरांत दीडशे किलो बी आणि वर खत गेले. वरच्या ओलीने बी फुगले, मोड आला. मग पाऊस थांबला. बारा दिवस आभाळ कोरडे. खाली ओल नव्हती, तेव्हा मोडाची मुळी खाली जाईना. ऊन लागले आणि कोंब करपले. थोरल्याने पाऊस मुरण्याची वाट पाहिली आणि जूनच्या अखेरीस पेरले. त्याचे रान एकसारखे उगवले.

धाकट्याला दुबार पेरणी करावी लागली. पुन्हा दीडशे किलो बी. पुन्हा दुकानदाराकडे हात पसरणे. पुन्हा मजुरी. त्यातच पेरणी लांबली, म्हणून उतारा घटला. बातमी खोटी नव्हती. त्या वर्षी देशात पाऊस चांगलाच झाला. पण ती बातमी चार महिन्यांची होती आणि धाकट्याने तिच्यावरून एका दिवसाचे काम ठरवले.

ही गोष्ट कल्पनेची असली तरी असे वर्ष प्रत्यक्ष येते. २०२५ साली पाऊस फार लवकर आला. २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर पाऊस आल्याची नोंद नव्हती. पण त्यानंतर तो अडला. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याला सांगावे लागले. पुढे सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात इतका पाऊस पडला, की नद्यांना पूर येऊन उभी पिके गेली आणि शेते खरवडून निघाली. त्या वर्षी देशाचा आकडा १०८ टक्के होता.

पेरणी कोणाला विचारून करावी?

पेरणी जमिनीला विचारून करावी. ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच पाऊस झाल्यावर पेरावे, असे कृषी विद्यापीठे सांगतात. हा पाऊस काही दिवसांत मुरून झालेला हवा. एकाच तासात कोसळून ओढ्याला गेलेला पाऊस यात धरू नये.

हा पाऊस किती होतो, बघा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ७५ मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३० टँकर एका एकरात मुरले, असे समजा. इतके पाणी मुरले असेल तर मध्ये आठ-दहा दिवस पाऊस नसला तरी कोंब तग धरतो.

ओल तपासणे सोपे आहे. शेतात तीन-चार जागी वीतभर खोल उकरा. खालची माती मुठीत दाबा. लाडू झाला आणि बोटाने टोचताच मोकळा झाला, तर ओल आहे आणि वाफसाही आहे. लाडू होतच नसेल तर थांबा. माती हाताला चिकटत असेल तरी थांबा, वाफसा येऊ द्या.

थांबण्याच्या दिवसांत बियाण्याची परीक्षा घ्या. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. पोते ओलसर राहू द्या. सहा-सात दिवसांनी मोड मोजा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त दाणे उगवले तर बी चांगले.

फार थांबले तर हंगाम जाईल, अशी भीती वाटते. ती खोटी नाही. म्हणून या तारखा लिहून ठेवा. मूग आणि उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावा, नंतर नको. सोयाबीन आणि कापूस १५ जुलैपर्यंत चालतो. बाजरी, तूर, सूर्यफूल जुलैअखेरपर्यंत चालते. म्हणजे मृग कोरडा गेला तर सारे गेले असे नाही. पीक बदलून पेरता येते.

नक्षत्रांविषयी एक शब्द. मृग दर वर्षी ७ किंवा ८ जूनलाच निघतो, कारण नक्षत्रे सूर्यावरून मोजतात. कामाचा हिशेब ठेवायला आपल्या वाडवडिलांना ती सोयीची होती. आजही आहेत. पण मृग निघाला म्हणजे जमीन भिजली असे होत नाही. आणि वाहन बेडूक असो की गाढव, बी रुजते ते ओलीवर.

मग अंदाज कशाला वाचायचा?

वाचायचाच. फक्त कोणता अंदाज कशासाठी, हे ओळखावे.

एप्रिल-मेचा हंगामाचा अंदाज तजविजीसाठी आहे. पाऊस कमी सांगितला असेल तर कडबा विकू नये. कमी दिवसांत येणारे वाण घ्यावे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालाव्यात, म्हणजे एक गेले तर दुसरे हाती लागेल. थोडे बी घरात राखून ठेवावे. पाऊस जास्त सांगितला असेल तर शेतातून पाणी काढून देणारे चर आधीच मोकळे करावेत.

पाच दिवसांचा अंदाज रोजच्या कामासाठी आहे. फवारणी, खत देणे, काढणी ही कामे त्यावरून ठरवावीत. खत टाकले आणि रात्री मुसळधार झाली, तर खत ओढ्याला जाते. शेतकऱ्यांसाठीचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' या मोबाइलवरील ॲपमध्ये तो मराठीतून वाचता येतो. वीज पडण्याची सूचना 'दामिनी' ॲपवर मिळते. विजेच्या वेळी झाडाखाली उभे राहू नये, हे तर लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

पावसाची वही

शेवटची गोष्ट तुमच्या हातातली आहे. सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. तळ आणि तोंड सारखे रुंद हवे. तो झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. वारा पाडणार नाही असा बसवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्यात पट्टी उभी धरा. पाणी जितके मिलिमीटर, तितका पाऊस. वहीत तारीख लिहा, आकडा लिहा, डबा रिकामा करून पुन्हा ठेवा.

मुंबई-दिल्लीची बातमी तुमच्या शिवाराचा पाऊस सांगणार नाही. तुमची वही सांगेल. जूनमध्ये रोजचे आकडे मिळवत जा. बेरीज ७५ च्या पुढे गेली, की वीतभर उकरून बघा. चार-पाच वर्षांच्या वह्या जमल्या, की आपल्या गावात पाऊस केव्हा दडी मारतो, हेही उमजू लागेल. ही विद्या तुमच्या मुलांच्याही कामाची आहे.

एवढे ध्यानात ठेवा

१. हंगामाचा अंदाज तजविजीसाठी.
२. पाच दिवसांचा अंदाज कामासाठी.
३. पेरणीसाठी जमिनीची ओल.

वर्गात बोला

१. गेल्या वर्षी आपल्या गावात कोणाकोणाला दुबार पेरणी करावी लागली? त्यांनी पहिली पेरणी केव्हा केली होती?
२. सोमवारी १८, बुधवारी २५ आणि शुक्रवारी १४ मिलिमीटर पाऊस पडला. पेरावे की थांबावे? बेरीज करून सांगा.
३. पावसाची वही गावात कोण ठेवील? त्याचे नाव फळ्यावर लिहा.